ठमाबाईची जागा

रोटोरुआ, न्यूझीलंड
१६ मार्च २०२५

पप्पा,

नमस्कार. मी बरी आहे. इथे सकाळी गार वाटायला लागलंय, आईने दिलेली गोधडी काढली. तुमचं बीपी कसं आहे? गोळ्या चुकवू नका. वरसेच्या नव्या घराला रंग लावून झाला, तो आईने व्हिडिओ कॉलवर दाखवला. छान दिसतोय.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. फोनवर मी काही विचारलं की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. हे सगळं तुम्हालाच वाचायचं आहे.

आधी अभ्यासाचं. इथे मूळच्या माओरी लोकांनी स्वतः चालवलेला दवाखाना आहे, तिथे आम्ही शिकायला जातो. आजारी माणूस आला की तुझी माणसं कोण, तुझी नदी कुठली, हे आधी विचारतात, दुखणं मागाहून. मंगळवारी आम्हाला आपापल्याकडच्या आदिवासींच्या आरोग्याबद्दल बोलायचं होतं. मी आपल्या खांबच्या कातकरवाडीबद्दल बोलले. अगदी ऐटीत. माझ्या जन्माच्या वेळी वाडीतली ठमाबाई सव्वा महिना रोज उतारावरून खाली आपल्या खांबच्या घरी यायची, आईला शेक द्यायची, मला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, सगळं सांगितलं. कुठला पाला उकळायची तेही सांगितलं. सगळे भराभर लिहून घेत होते.

तिथल्या म्हाताऱ्या नर्सने, मिरिआमाने, सगळ्यांना पेनं खाली ठेवायला लावली. मला म्हणाली, "तिचं औषध सांगतेस, तिला विचारलंस का?" मी नाही म्हणाले. "मग आज विचार," म्हणाली.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, मी ठमाबाईच्या शिवाला फोन लावला.

"आय गेली गो ताय," तो म्हणाला. "संक्रातीलाच. तुला घरच्यांनी सांगला नाय?"

नाही सांगितलं. संक्रांतीला तुम्ही मला कॅमेऱ्यात तिळाचे लाडू दाखवून हसत होतात, पप्पा.

पुढचं शिवाने हळूहळू सांगितलं. वाडीवाले आपली माणसं पुरतात त्या आपल्या उताराला तारेचं कुंपण घातलंय, गेटवर वॉचमन आहे. शिवाने तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही म्हणालात, जमीन घेणाऱ्या पार्टीची माणसं जागा बघायला येणार आहेत, आज तिथे पुरायचं नाही. दुपारपर्यंत ठमाबाई गेटबाहेर रस्त्यावर होती. मग भाड्याच्या टेम्पोत घालून तिला पेणच्या पुढे, तिची लेक मालू दिलीय त्या वाडीत नेली आणि तिथे पुरली. मी शिवाला विचारलं, भांडलास का नाही? तो म्हणाला, "जागा तुमची हाय ना. आमच्या नावावर काय हाय?"

त्याचा राग नाही आला मला. तुमचा आला. तो अजून जात नाही.

त्या उतारावर तिचा नवरा आहे. तिची दोन तान्ही पोरं आहेत. लहान असताना मी तिथे करवंदं काढायला धावले, तेव्हा "चपला काढ, तिथं माणसं निजलीत" म्हणून माझ्यावर कोण ओरडलं होतं? तुम्हीच ना? आता तिथे प्लॉटचे नंबर पडलेत. लाज कशी वाटली नाही? वरकस जमीन होती, भात न पिकणारी, मोकळीच पडली होती, हे पार्टीला सांगा. मला सांगू नका.

मी आईला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "तुझ्याच फीसाठी बयाणा घेतला गो. नायतर तुझ्या बापाला काय हौस हाय जमीन इकायची?" म्हणजे मी आदिवासींचं आरोग्य शिकतेय ते ह्या पैशावर! ठमाबाईला रस्त्यावर ठेवून आलेल्या! मला एकदा विचारायचं तरी होतंत. मी रोह्यात मिळेल ती नोकरी केली असती.

दुसऱ्या दिवशी मिरिआमाला सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "ती जमीन कोणाची?" मला "माझी" म्हणावं लागलं. आजोबांनी सातबाऱ्यावर माझं नाव लावून ठेवलंय. म्हणून तर तुम्ही जमीन विकायचं ते मुखत्यारपत्र पाठवलंत आणि वर "नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही करून कुरियर कर" म्हणालात. सही झाली का, म्हणून रोज मेसेज येतोय.

सही होणार नाही.

पार्टी बयाणा परत मागेल, तो द्या. पुढची फी भरू नका. मी जूनमध्ये कोर्स सोडून परत येते. किती मनापासून आले होते मी इथे, ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे लिहिताना मला रडू येतंय. पण येणार. पोरगी अर्धवट शिकून का आली असं कोणी विचारलं तर खरं कारण सांगा. तुम्हाला जमलं नाही तर मी सांगेन, खांबच्या नाक्यावर उभी राहून सांगेन.

कुंपण मात्र त्याआधी निघालं पाहिजे. आणि ते काढलं हे शिवाला तुम्ही स्वतः वाडीत जाऊन सांगायचं. वॉचमनकडून निरोप पाठवायचा नाही.

आईवर चिडू नका, मीच तिला बोलतं केलं. मी वेळेवर जेवते म्हणून सांगा तिला.

तुमच्यावर संतापलेली, आणि सातबाऱ्यावर अजून नाव असलेली,
नमिता