पायरीवर कोणी आहे का?

२४ ऑक्टोबर
संकल्प: आजपासून शांत राहायचं. दुपारी दोनपर्यंत पाळला.

दोनला रिव्ह्यू. बसच्या दारांचं सॉफ्टवेअर. स्क्रीनवर चौकटी आणि बाण. 'दार उघडं'कडून 'दार बंद'कडे बाण जातो, त्यावर अट: पायरीवर कोणी नसेल तरच. हिला आम्ही गार्ड म्हणतो. अख्ख्या नोव्ही साद शहरात माझ्याइतका कडक गार्ड कोणी लिहीत नाही. व्लादेताने तो सगळ्यांदेखत खोडला! म्हणाला, स्रेतेन, तुझा गार्ड सेन्सरला विचारतो आणि विचारता विचारता त्याची नोंदच पुसतो, दुसऱ्यांदा विचारलं की पायरी रिकामी. गार्डने नुसतं बघायचं रे, हात लावायचा नाही.

व्लादेता माझा कुम. लग्नात माझ्या शेजारी साक्षीला उभा राहिलेला. भावाने केलं असतं तर समजलो असतो. पण कुमाने?

२६ ऑक्टोबर
बहिष्कार. कॉफीला त्याच्या टेबलाशी गेलो नाही. तोच कॉफी घेऊन माझ्याकडे आला. साखर बरोबर दोन चमचे. मन खात असणार त्याला.

२८ ऑक्टोबर, स. ११.४०
सापडलं! ८ नोव्हेंबरला आमची स्लावा, घरच्या संताचा दिवस. या दिवसाला कोणी कोणाला बोलवत नाही, आपलं माणूस आपणहून येतं. बोलावणं म्हणजे उलट अपमान. व्लादेता एकोणीस वर्षं चारच्या ठोक्याला, सगळ्यांच्या आधी हजर.

त्यालाच सांगितलं, यंदा आमच्याकडे स्लावा नाही. खरा कुम असेल तर तरीही येईल. याला म्हणतात गार्ड. तो म्हणाला, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, एकदम.

२ नोव्हेंबर
बायकोला योजना सांगितली. यागोदा म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नाही म्हणून सांगायचं आणि वर वाट बघायची? तिला चौकटी-बाणांचं मॉडेलिंग कळत नाही. सारमा मात्र ऐंशी करायला सांगितल्या. कोबीची पानं आणली, खिमा उद्या.

४ नोव्हेंबर
माझा गार्ड गुपचूप परत बसवला. ९ तारखेला डेपोत खऱ्या बसवर चाचणी आहे. मग कळेल सगळ्यांना.

८ नोव्हेंबर
४.०० मेणबत्ती लावली.
४.२० ट्रॅफिक असेल.
५.१० यागोदाच्या बहिणीकडचे आले, जेवले, गेले. नातेवाईक धरायचे नाहीत. ऑफिसातले दरवर्षी चौदाजण येतात. एकही नाही.
६.०० कोलाच, म्हणजे आजचा पाव, दोघांनी धरून मोडायचा असतो. दुसरी बाजू नेहमी व्लादेताची. यंदा यागोदाने धरली.

दगा. शुद्ध दगा. मला रडू आलं, हे फक्त इथे लिहितो.

९ नोव्हेंबर
उरलेला कोलाच पिशवीत घालून डेपोत नेला, त्याच्या तोंडासमोर धरायला. चाचणीला पायरीवर कोण उभं राहणार? मीच. गार्ड माझा. दार माझ्याजवळ आलं, थांबलं. मी सगळ्यांकडे बघून हसलो. मग दार माझ्यावर बंद झालं.

व्लादेता धावत आला, आणीबाणीचा लाल दांडा ओढला, मला बाहेर काढलं. पिशवी फाटली, कोलाच जमिनीवर. पावाकडे बघून तो म्हणाला, म्हणजे स्लावा केली होतीस?

मग म्हणाला, मी साडेतीनला सूट घालून खुर्चीवर बसलो होतो रे. ही म्हणत होती जा, जा. मी म्हटलं, स्रेतेनने स्वतः नाही म्हटलंय, घरात काहीतरी दुःख असेल, उगाच जाऊन त्याला ओशाळं करायला नको. ऑफिसातल्यांनाही मीच अडवलं.

बरगडी दुखत होती. त्याने पाव उचलला, धूळ झटकली, दुसरी बाजू माझ्यापुढे धरली. डेपोतच मोडला.

संकल्प: पुढच्या वर्षी अटी नाहीत, परीक्षा नाही. फक्त आठवडाभर आधी व्लादेताला एकदा विचारून ठेवायचं, येणार ना म्हणून.