पाठ झालेली पुस्तकं

४ ऑगस्ट, सोमवार
जानूची शाळा बंद. दाखला अजून काढला नाही, पण उद्यापासून पाठवायची नाही हे ठरलं. मी ठरवलं. बाईंनी आज परत वर्गापुढे उभं करून नवंकोरं पान वाचायला लावलं. जमलं नाही. पोरं हसली. मग मला बोलावून, जानू शेजारी उभी असताना, "ही वाचतच नाही, नुसतं पाठ म्हणते. पहिलीपासून सुरू करा." तिसरीतली पोर! आणि दोन वर्षं ती यांच्याच वर्गांतून पाठ म्हणत वर आली, तेव्हा कुणाचे कान कुठे होते? पोरगी बुटांकडे बघत बाहेर आली. रोज सकाळी पोट का दुखायचं ते आत्ता कळतंय.

५ ऑगस्ट
घरात भडका. संग्राम शिरोलीहून फौंड्रीतली शिफ्ट करून आला तो हात न धुताच सुरू. घरात शिकवायला मी काय मास्तरीण आहे का, म्हणे. मास्तरीण नाही. पण ज्या मास्तरणी आहेत त्यांनी काय दिवे लावले?
मग कागलहून वन्संचा फोन. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे धाकट्या भावाला त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत जानू माझ्या हातात. भाऊबीजेला वन्सं येतील, तपासतील. वाचता आलं तर इथंच दुसऱ्या शाळेत, तिसरीतच. नाही आलं तर जानूनं कागलला त्यांच्या घरी राहायचं आणि त्यांच्या शाळेत पहिलीत बसायचं. आठ वर्षांची पोर. तिला विचारलं का कुणी?

९ ऑगस्ट
नवीन पुस्तक आणायचं नाही असं ठरवलंय. घरात आहेत तीच चार-पाच, कोपरे चघळलेली, तिला सगळी तोंडपाठ. सं. म्हणतो, पाठ हाय तेच काय शिकवतीस. अरे, म्हणूनच! गोष्टीत पुढं काय, हे तिला शोधायचं नाही. नवं पान समोर आलं की अर्थ आणि अक्षरं दोन्ही एकदम अंगावर येतात आणि ती गोठते. इथं अर्थ आधीच पोटात आहे. राहिली नुसती अक्षरं. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ आहे, आणि सांगायला गेलं की सगळे माझ्याकडे असं बघतात...
सुरुवात म्हशीच्या पुस्तकानं. चंद्री म्हैस आणि तिला सांभाळणारा मुलगा. सगळ्यात फाटलेलं तेच. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोठ्यात धारा काढून झाल्या की जानूला पालथ्या बादलीवर बसवून ते किती वेळा वाचलं असेल. तिचा आबा आणि तिची चंद्री.

१४ ऑगस्ट
पानांची झेरॉक्स काढली, ओळी कात्रीनं कापल्या, फरशीवर पसरल्या. जानू गोष्ट तोंडानं म्हणते आणि ओळ शोधून जागेवर लावते. आधी चुकत होती. आज "चंद्रीने कान टवकारले" सरळ उचललं. कसं ओळखलंस? "चंद्री हितं हाय की." मग संध्याकाळी टपरीच्या बोर्डावर बोट. चहाचा च आणि चंद्रीचा च. वाटलं, शाबास म्हटलं तर उडून जाईल.

२० ऑगस्ट
आज भलतंच. शेवटच्या पानाची झेरॉक्स कापायला घेतली आणि वाचलं. मी हे पुस्तक स्वतः कधी वाचलंच नव्हतं, ते काम मामांचं. जानूची गोष्ट अशी संपते: चंद्री वाट चुकते आणि वास घेत घेत घरी परत येते. छापलंय ते असं: बाबांनी चंद्रीला बाजारात विकलं, मुलगा खूप रडला, मग नवी म्हैस आली.
गोठ्यात जाऊन विचारलं. मामा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "दावणीला म्हशी हायत त्या घरात असलं वाचत न्हाईत, पोरी."
खरंच आहे. या घरात "विकली" हा शब्दच नाही. आटली, म्हातारी झाली की ती "गावाला जाते". मला लग्न झाल्यावर वर्षभर कळलं नव्हतं. गेल्या साली आमची राणी म्हैस गेली, तेव्हा जानूला सांगितलं, कोडोलीला सोयऱ्यांच्या रानात चरायला गेली. तिची कवड्यांची माळ अजून खुंटीला आहे. जानू ती कुणाला हात लावू देत नाही, राणी येईल तेव्हा लागेल म्हणून.
मामांचा राग आला. मग वाटलं, आता यावरून भांडायला मला वेळ आहे का? शेवटचं पान बाजूला ठेवलं.

१२ सप्टें.
वन्संनी फोन स्पीकरवर घ्यायला लावला. म्हशीचं झाल्यावर आता विहिरीचं पुस्तक घेतलंय, जानूनं त्यातलं एक पान वाचलं. बोट ठेवून, सावकाश, एकही शब्द न गाळता. तिकडून, "पाठ हाय तिला ते." मग एका शब्दाला अडखळली. तिकडून, "बघ, येत न्हाय."
बरोबर वाचलं तर पाठ. अडखळली तर येत नाही. म्हणजे पोरीनं करायचं तरी काय? फोन ठेवल्यावर मी भांडी इतकी आपटली की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

२८ सप्टें., रविवार
रंकाळ्याहून येताना स्टँडपाशी थांबलो होतो. जानू एका एस.टी.कडे बघत उभी. ओठ हलत होते. मग म्हणाली, "का-ग-ल." कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात तो शब्द कुठंच नाही. मी तिला तिथंच उचलून घेतली, एवढी मोठी घोडी. आणि तिचं तोंड उतरलेलं. "हीच व्हय ती गाडी? मला न्यायची?"
घरी सं.ला सांगितलं. जेवताना मान वर न करता म्हणाला, नंबर बघून ओळखलं असेल. एस.टी.चा नंबर! स्वतःच्या बापाचा फोन नंबर त्याला पाठ नाही.

२२ ऑक्टो., पाडवा
सकाळपासून गोठ्यात गडबड. म्हशी धुतल्या, शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली. गल्लीतल्या सगळ्यांच्या म्हशी मिरवायला निघाल्या, पुढं मोटारसायकली, कान फुटायची पाळी. मामांचा दिवस हा. नव्या म्हशीच्या गळ्यात घालायला त्यांनी खुंटीवरची माळ काढली, तर जानू आडवी आली. राणीची आहे, म्हणाली. मामांनी माळ मुकाट परत टांगली आणि दुसरीकडे बघत बाहेर गेले.
उद्या वन्सं. मी जागीच. ती झोपली निवांत.

२३ ऑक्टो., भाऊबीज
नीट लिहिते.
ओवाळणं झालं, फराळ पुढ्यात. वन्संनी पिशवीतून त्यांच्या शाळेचं नवं पुस्तक काढलं. जानूनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गोठली. अगदी शाळेतल्यासारखी. मी म्हटलं, आधी ओळखीचं वाचू दे, सूर लागू दे. वन्सं हसल्या. बरं, पाठच म्हण, पण मी सांगेन तिथून. आणि म्हशीचं पुस्तक घेऊन मुद्दाम शेवटचं पान उघडलं. मी तोंड उघडेपर्यंत जानूनं सुरूही केलं होतं.
"चंद्री वास घेत..." आणि बोट थांबलं.
वन्सं सं.कडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? पाठ विसरली."
जानूला ऐकूच गेलं नसावं. बोट परत ओळीच्या सुरुवातीला गेलं. "बा-बां-नी. चंद्री-ला. बा-जा-रात." पुढच्या शब्दावरून बोट दोनदा फिरलं. "विकलं."
तिनं वर बघितलं, वन्संकडे नाही, मामांकडे. "आबा, तुम्ही असं न्हाय वाचत."
ती परत पुस्तकात. मुलगा खूप रडला. नवी म्हैस आली. पान संपवलं. मग एकदम, "म्हंजे आपली राणी कोडोलीला न्हाय?"
मामा उठून गोठ्यात गेले. जानू रडायला लागली आणि घरात गोंधळ माजला. वन्सं म्हणतात मामांनी पोरीला खोटं सांगितलंच का. सं. म्हणतो ताईनं तेच पान कशाला उघडलं. दोघं मिळून म्हणतात मी असलं पुस्तक घरात ठेवलंच कसं. अर्धा तास!
आणि एकानं, या घरातल्या एकाही माणसानं म्हटलं नाही की पोरीनं वाचलं. कधी न ऐकलेली ओळ, पाठ होतं त्याच्या बरोबर उलट सांगणारी ओळ, अक्षराला अक्षर लावून वाचली. याहून वेगळी परीक्षा असते काय? शेवटी मी ओरडून सांगितलं. वन्सं पिशवी आवरत म्हणाल्या, एका पानावर काय ठरतंय, सुट्टी संपायच्या आत जानूला आणून सोडा.
सं. त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत गेला. म्हणजे हो की नाही, ते त्यालाच माहीत.

२४ ऑक्टो.
जानू आबांशी बोलत नाही. सगळी पुस्तकं फरशीवर मांडून सकाळपासून वाचतेय, पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. मला विचारलं, आणखी काय काय खोटं सांगितलंय? विहिरीच्या पुस्तकात एक सापडलं. त्यातलं कोकरू विहिरीत पडतं आणि पाय मोडतो, आबांच्या गोष्टीत नुसतं भिजतं. हे मला आणून दाखवलं, चोरी पकडल्यासारखं.
रागानं वाचतेय. वाचू दे. मला तर इतका आनंद झालाय की लाज वाटते, कारण पोर दुपारी जेवली नाही.

२६ ऑक्टो., रविवार
धारा झाल्यावर मामा आत आले. हातात म्हशीचं पुस्तक. कधी नव्हे ते जानूसमोर जमिनीवर बसले. "तू वाच. जसं हाय तसं."
तिनं लगेच घेतलं नाही. मग घेतलं. पहिल्या पानापासून वाचत गेली. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी कणीक तशीच सोडून दारात.
मधेच सं.चा फोन वाजला. वन्सं. कधी आणताय, एवढं मलाही ऐकू आलं. सं. जानूकडे बघत राहिला. "थांब जरा, ताई. ती वाचाय लागलीया." आणि फोन कानाला तसाच धरून उभा. ऑगस्टपासून या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला होता माझा. आता म्हणाला, तेही मला नाही, फोनला.
पुढं तो काय बोलला ते माहीत नाही, बाहेर गेला बोलत.
जानूनं शेवटचं पान वाचलं, "विकलं" सुद्धा, न थांबता. पुस्तक मिटलं. उठून खुंटीवरची माळ काढली, आबांच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसली.
"आता राणीचं सांगा. जसं हाय तसं."