सगळ्याला चालेल असं काडतूस

वफ्रा, कुवेत

प्रिय सुमेध,

वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, माळ्यावर चढायची हौस आता पुरे. दादांचा खोकला उतरला का? ज्ञानदा पोटात दोन घास घालते, की ताट तसंच सरकवते? आणखी एकीची खुशाली विचारायची हाताला सवय आहे. पेन तिथेच अडलं.

इथे धुळीने आभाळ पिवळं झालंय, काचघरातल्या काकड्या माना टाकून बसल्यात. आमचे अरबाब, म्हणजे मळ्याचे मालक, आता थकले, पण त्यांच्या बंदुका अजून मीच पुसतो. त्यांच्या शिकारीला स्वयंपाकी म्हणून आफ्रिकेत जायचो. चौथी शिकलेला तुझा काका, जे कळलं ते भाकऱ्या थापता थापता बघून. म्हणूनच तू मेसेजमध्ये विचारलंस ना, सगळ्या मोठ्या जनावरांना चालेल असं एकच काडतूस कोणतं?

अरे, एकच पायताण लग्नाला आणि चिखलाला चालतं का? तरी तुझा वनखात्याचा परवाना पिकात शिरणाऱ्या डुकरांचा आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, तेवढ्यापुरतं सांगतो. तुझ्या जुन्या तीनशे पंधरा बोअरच्या रायफलची गोळी संथ, लांब गेली की खाली बसते. त्यापेक्षा तीस-सहाचं काडतूस घेणारी रायफल बरी. एकशे ऐंशी ग्रेन वजनाची गोळी, रोही जागेवर बसेल, खांद्यालाही धक्का सोसवेल. अरबाब फक्त रानरेड्याला मोठी रायफल काढायचे, बाकी सगळ्याला तीस-सहाच.

पण शेवटी, सहज आठवल्यासारखं, तू विचारलंस की बिबट्याला ती पुरेल का.

पुरते, बाळा. मी पाहिलंय. तिथे आफ्रिकेत आमच्या छावणीवर माग काढणारा एक जण होता. त्याचं पोर बिबट्याने नेलं. त्याने अरबाबांचे पाय धरले. बकरं बांधून ते झाडावर बसले, एका गोळीत जनावर आडवं. मग त्या बापाने सुरा घेऊन पोट फाडलं. पोराच्या गळ्यातले मणी शोधत होता. निघाले साळिंदराचे काटे. मादी होती, दुधावरची. नाल्यातून पिल्लं ओरडत राहिली, आणि तो कानांवर हात दाबून बसला. त्यानंतर त्याला माग काढता येईना. सगळे पंजे एकसारखेच दिसतात, म्हणायचा.

ज्ञानदाचा फोन आला होता. आपल्या जुईलीला जिथून नेलं, त्याच तुरीच्या बांधावर तू मचाण बांधलंस म्हणाली. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहून तिच्या फोनवर फोटो पाठवतोय. बिबट्या मारलास तर तुरुंग आहे, हे तुला ठाऊक आहे. त्याची तुला पर्वा नाही, हे मला ठाऊक आहे. पण लेक गेली, आता नवराही जावा, असं त्या पोरीने कुणाचं काय वाईट केलं? नवी रायफल घेऊ नकोस. आहे ती ठाण्यात जमा कर, पिंजरा वनखात्याला लावू दे. लवकर उत्तर धाड रे. बंदूक दिली, एवढंच लिहिलंस तरी मला घास गिळवेल.

तुझाच,
दिनकरकाका