मंगळवारची सही

मोहित,

वरण-भात फ्रिजमध्ये आहे. आईच्या प्लेटलेट्स आज बावीस हजारांवर आल्या. डेंग्यूच आहे. मी दवाखान्यात जाते.

काल तिचं आधार कार्ड शोधताना तुझ्या बॅगेत तुझ्या खात्याचं डास-फवारणीचं रजिस्टर सापडलं. आपल्या गल्लीत तीन मंगळवार धूर सोडल्याच्या नोंदी आहेत आणि रहिवासी म्हणून तिन्ही ठिकाणी आईची सही. गल्लीत मशीन कोणीच पाहिलं नाही. ते तिन्ही वेळा तुझ्या साळ्याच्या लग्नाच्या लॉनवर होतं, पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून. शेजारच्या शोभाताई त्यातल्या एका लग्नात होत्या. मला म्हणाल्या, "काहून वं, तुह्या भावाचं सरकारी मशीन लग्नाले येते, गल्लीत याले लाजते का?"

रजिस्टर मी तुझ्या साहेबांना नेऊन दिलं. ते उद्या अकरा वाजता आईला विचारायला येणार आहेत. तुला वाचवायला ती "सही माहीच आहे" म्हणेल, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून मी दवाखान्याचा कागद आधीच जोडून दिला. शेवटची सही या मंगळवारची आहे. आई सोमवारपासून भरती आहे.

ताई