तुटलेला धागा

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोक्यातून जात नाही. समाजकार्याच्या क्षेत्रकार्यासाठी आज घाटनांदूरजवळच्या धनगरवस्तीवर गेले. नवरा वारल्यापासून तिथल्या रुक्मिणबाई कुणाशीच बोलत नाहीत. आणि मी काय केलं? बसल्याबरोबर फॉर्म काढला, विचारलं, "घरात कमावतं कोण?" त्यांनी तोंडच फिरवलं.

माझ्या मार्गदर्शक शोभाताईंनी फॉर्म काढून घेतला आणि शेजारी बसून त्यांची लोकर कातायला घेतली. धागा तुटला. परत तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर रुक्मिणबाई म्हणाल्या, "असं न्हाई ओ ताई, आणा इकडं." मग तासभर बोलत राहिल्या. रडल्यासुद्धा.

वाटेत मी म्हटलं, "ताई, कातणं लई अवघड असतं का?"

"मला कावून अवघड जाईल? मी धनगराचीच लेक हाय."

तीनदा तुटला होता तो धागा. तीनदा!