सुपातलं इंग्रजी

इचोडा,
१२ जून २०२५

ती. देवादादास,

तुझ्या रंजीचा वाकून नमस्कार. वहिनी आणि हर्षदीप मजेत असतील. नागपूरचा उन्हाळा कसा गेला, गॅरेजवर पत्रे टाकलेस की अजून ताडपत्रीच आहे, असं पुष्कळ विचारायचं असतं. पण फोन केला की तू "बरं आहे, ठेवू का" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून यंदा कागद काढला. कागदाला तुला मधेच 'ठेवू का' म्हणता येणार नाही.

आधी बातमी. मी दहावी पास झाले. ओपन स्कूलची का असेना, पण सरकारी शिक्क्याची, आणि इंग्रजीत शंभरपैकी एकसष्ट. मीनलनं मोबाइलवर निकाल उघडला तेव्हा मी दुकानात मेथीच्या जुड्या बांधत होते. पोरगी एवढ्या जोरानं ओरडली की समोरच्या ढाब्यावरचे लोक उठून बघायला लागले. सासूबाईंनी लगेच पेढे आणवले. गिऱ्हाइकांना वाटले, मग हायवेवर थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही वाटले, "हमारी बहू इंग्लिश में पास हो गई" असं प्रत्येकाला सांगून. त्यातल्या एकाला हिंदी येत नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली आणि दोन पेढे घेतले.

तुला वाटेल, अडतिसाव्या वर्षी हिला हे काय सुचलं. मीनलच्या कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचं शिक्षण' असा रकाना होता. पोरीनं मला न विचारता तिथं नववी लिहिलं. खरंच होतं ते, पण मला तीन दिवस जेवण गेलं नाही.

आणि ही काही पहिली खेप नाही. बाकीचे विषय पहिल्याच वेळी निघाले, इंग्रजी मात्र दोनदा राहिलं. तो पेपर समोर आला की येत असलेलंही डोक्यातून जातं. का जातं ते तुला... असो. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मीनलचे बाबा म्हणाले, पुरे आता, दुकान बघ. सासूबाई तिथंच टमाटे निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काऊन पुरे? या खेपेले मी घेतो तिची परीक्षा."

दादा, आमच्या सासूबाईंना, तुळजाबाईंना, अक्षरओळख नाही. सही म्हणून अंगठा देतात. त्या इंग्रजीची परीक्षा घेणार म्हटल्यावर मी रडता रडता हसले.

माझं घोडं अडत होतं वाक्प्रचारांपाशी. मीनलनं मला तीस वाक्प्रचार एका कागदावर काढून दिले होते, सगळे शिकण्या-शिकवण्याचे. शाळा या एका गोष्टीवर इंग्रज लोक एवढं बोलून ठेवतात हे मला माहीत नव्हतं. एकेक पाठ व्हायचा, सकाळी सगळे पुसून गेलेले असायचे. सासूबाईंनी काय केलं, तर धान्य पाखडायचं सूप खाली घेतलं आणि मीनलला म्हणाल्या, एकेक सांग, त्याचा अर्थ सांग. अर्थ ऐकायचा आणि त्याच्या खुणेची एक वस्तू सुपात टाकायची.

'लर्न द रोप्स' म्हणजे कामातल्या खाचाखोचा शिकून घेणं. सुपात सुतळीचा तुकडा पडला. 'बर्न द मिडनाईट ऑइल', म्हणजे जागून अभ्यास करणं. त्यावर म्हणाल्या, रात्रीचा दिवस केला म्हणा ना, तेल कशाले जाळता, आणि देव्हाऱ्यातली एक वात ठेवली. (मी काही जागले नाही. माझा सगळा अभ्यास दुपारी गिऱ्हाईक नसताना झाला, पण वात ती वात.) पुस्तकात डोकं खुपसून बसणाऱ्याला 'बुकवर्म' म्हणतात, त्याच्यासाठी कसर लागलेलं जुनं पंचांग. झोकात पास होण्याला 'फ्लाइंग कलर्स', त्याला कुंकवाची पुडी. 'स्कूल ऑफ हार्ड नॉक्स' ऐकून म्हणाल्या, हे मले सांगू नको, टक्केटोणपे मी तुह्याहून जास्त खाल्ले. आणि चुलीपाशी पडलेला ठिकऱ्या उडालेला दगड आणून ठेवला. 'लर्न बाय हार्ट'ला वस्तू सापडेना. शेवटी म्हणाल्या, मी छातीवर हात ठेवीन, तू समजून घे.

एकावर मात्र भडकल्या. म्हाताऱ्या कुत्र्याला नवे खेळ शिकवता येत नाहीत, असा एक वाक्प्रचार आहे. मीनलनं अर्थ सांगितला तशा माझ्याकडे वळल्या. "मले म्हणून राह्यली का वं?" मी कानाला हात लावले. त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातला जुना पट्टा सुपात टाकला आणि महिन्याभरात तीसच्या तीस वाक्प्रचार स्वतः पाठ केले, नुसते ऐकून. मी भाजी तोलत असायची आणि गिऱ्हाइकासमोर ही बाई सुपातला दगड वर धरून म्हणायची, "बोल." चुकलं तर त्याच बरोबर सांगायच्या. मीनलची तेलुगू मैत्रीण आली होती, तिला वाटलं आजी इंग्लिश मीडियमच्या आहेत.

एका वाक्प्रचाराची वस्तू तेवढी ठरायची राहिली होती, 'लर्न वन्स लेसन'. चुकीतून धडा मिळणं, पुन्हा तसं न करणं. त्याची वस्तू मी दिली, माझ्या ट्रंकेतून. सासूबाईंनी ती हातात उलटीसुलटी केली आणि विचारलं, हे काय अन् याचा धड्याशी काय संबंध. मी म्हटलं, आहे काहीतरी. त्यांनी ती सुपात टाकली.

पाऊस अजून म्हणावा तसा नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं वाटतं.

१४ जून, शनिवार

दादा, परवा गिऱ्हाईक आलं नव्हतं. पुढचं लिहवेना म्हणून पेन ठेवलं.

काल मी बाजारहत्नूरच्या गाडीनं माहेरी, आपल्या गावी जाऊन आले. सोबत मार्कांचा मेमो होता, पेढे होते आणि ती वस्तू होती. आधी आबांना सांगायचं आणि मग तुला लिहायचं असं ठरवलं. आता लिहिते.

ती वस्तू म्हणजे तुझ्या सायकलच्या चेनचं लॉक, चेनची दोन टोकं जोडणारा तो बोटाच्या पेराएवढा तुकडा.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी तू विहिरीवर आंघोळीला गेलास तेव्हा मीच ते पकडीनं काढलं आणि कंपासपेटीत लपवलं. मला इंग्रजीतलं काही येत नव्हतं, दादा. इतर सगळं येत होतं, त्या एका पेपरचं भय मला गिळत होतं. वाटलं, पोचायला उशीर झाला तर कोणी माझी चूक म्हणणार नाही. तू चेनला तार बांधलीस. इचोड्यापर्यंत ती तार तीनदा तुटली, तीनदा तू रस्त्यात बसून बांधलीस, तुझी बोटं रक्तानं भरली, आणि मी मागच्या कॅरिअरवरून उतरून नुसती बघत उभी राहिले. पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. तू त्या चौकीदारापुढे हात जोडलेस. एकोणीस वर्षांचा होतास.

घरी आबा म्हणाले, तुझ्याच्यानं एक काम धड झालं नाही, बहिणीची शाळा बुडवली. चार दिवसांत तू नागपूरला निघून गेलास. वर्षभरात माझं लग्न झालं आणि त्यातही तू पाहुण्यासारखा येऊन गेलास. ज्यानं मला फाटकापर्यंत नेलं त्याच्यावर बावीस वर्षं मी हा आळ राहू दिला. आबांची भीती वाटायची, पुढे सासरची, आणि मग तर इतकी वर्षं झाली याचीच वाटायला लागली. खरं सांगते, लाज वाटते.

आता पेपरचं ऐक. शेवटच्या प्रश्नात दिलेला वाक्प्रचार वापरून पाच ओळी लिहायच्या होत्या आणि वाक्प्रचार होता 'लर्न वन्स लेसन'. पेपर तसाच देऊन उठावं असं वाटलं. मग ते सूप डोळ्यांपुढे आलं, सासूबाईंच्या चिमटीत ते लॉक, आणि "बोल" ऐकू आलं. मी लिहिलं: ब्रदर वॉज नॉट लेट. आय मेड हिम लेट. पुढच्या तीन ओळीही तुझ्याच. मराठीत जे कोणाला सांगता आलं नाही ते हैदराबादच्या बोर्डातल्या कुठल्या परक्या परीक्षकाला इंग्रजीत सांगितलं, आणि त्यानं मला पास केलं.

काल हे सगळं मी आबांना सांगितलं. ते बाजेवर बसले होते. मेमो हातात तसाच राहिला. मी म्हटलं, दादाला हे माहीत नव्हतं, म्हणून तो काही बोलला नाही. आबांनी लॉक घेऊन उजेडात धरलं.

"माहीत होतं त्याले. लहानपणापासून सायकली खोलून राह्यला तो. लॉक काय आपोआप निघते?" मग लॉक मुठीत धरून म्हणाले, "अन् मी त्याले घराबाहेर काढलं."

हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. तुला तेव्हाच कळलं होतं ना? ती तार बांधतानाच? कळूनही तू हात जोडलेस, कळूनही आबांसमोर खाली मान घालून उभा राहिलास. रात्रंदिवस तुला राग येत असेल म्हणून तू फोन ठेवतोस असं मी समजत होते. आज वाटतं, मी कधी बोलते याची तू वाट बघत होतास.

आबा उठले, गोठ्यामागच्या टिनाखालून तुझी सायकल ओढत अंगणात आणली. त्यांनी ती विकली नाही, कोणाला दिलीही नाही. धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. टायर गेलेत, पण चेनवर तू बांधलेली ती तार तशीच आहे, गंजून लाल झालेली. निघताना मला म्हणाले, "त्याले लिही. लिही की आबा चुकला." आबा चुकला, हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आता मुद्द्याचं. सासूबाईंनी नवस बोलला होता की मी पास झाले तर बासरला जायचं. कबूल केलाय म्हटल्यावर फेडायचाच. पण नवस माझ्यासाठी नाही, हे काल रात्री जेवताना कळलं. सरस्वतीपुढे तांदळात पहिलं अक्षर काढायला लहान पोरं बसवतात ना, त्या पोरांच्या रांगेत सहासष्ट वर्षांच्या तुळजाबाई बसणार आहेत. म्हणतात, तीस इंग्रजी वाक्यं तोंडात आहेत, आता आपलं नाव हातात पाहिजे. कुत्र्याचा तो पट्टा सोबत नेणार आहेत, देवीला दाखवायला.

२९ तारखेला, रविवारी जायचं आहे. आबाही येतात म्हणाले. तू आदल्या दिवशी गावी ये, वहिनीला आणि हर्षदीपला घेऊन. टायर-ट्यूब आणशील तर बरं.

लॉक या पाकिटात घातलं आहे. आबा म्हणत होते, गावातल्या पोराकडून बसवून घेऊ. मी नाही म्हटलं. ती तार ज्यानं बांधली त्यानंच सोडावी. या वेळी मी नुसती बघत उभी राहणार नाही, पकड मी धरीन.

तुझी, अखेर पेपरला बसलेली,
रंजी