सर्व्हिस बुकातला समुद्र

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

थापाड्या कोणाला म्हणता? आधी आवाज खाली. आणि ते बोट माझ्यावरून काढा. गाडी चालवता येते असं मी म्हणालो होतो. रिव्हर्स येतो असं कधीच म्हणालो नव्हतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याने ही वही वाचू नये. तशीही कोणी वाचणार नाहीये, ही फक्त माझ्यासाठी आहे. मग मी भांडतोय कोणाशी? माहीत नाही. सवय.

घटना अशी. काल सासऱ्यांची गाडी मी त्यांच्या क्वार्टरसमोर मागे घेतली. सात कुंड्या गेल्या. त्यात एक तुळस. सासरे (सुभेदार हिंदुराव, मूळचे साताऱ्याकडचे, सध्या दिल्ली कॅन्ट) खुरपं घेऊन आले. उकिडवे बसून माती गोळा करत राहिले. राजनंदिनी मला घेऊन दिल्लीतल्याच द्वारकेला, आमच्या घरी आली. फ्लॅटचं कुलूप उघडताना म्हणाली, आशय, येत नाही तर येत नाही म्हणायचं. बायको म्हणून एवढं एकच मागते. पुढची थाप पकडली की मी आप्पांकडे जाईन, आणि चार दिवसांसाठी नाही.

संकल्प : आजपासून फक्त खरं. म्हणजे दुपारपासून. सकाळ ऑलरेडी गेली.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

सरप्राइज. १५ मार्चला लग्नाला वर्ष होतंय, होळीची जोडून सुट्टी आहे, तिने केरळमध्ये वर्कल्याचं बुकिंग केलंय. आणि माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी, सर्फिंगचा प्रायव्हेट लेसन. म्हणाली, मला बघायला आलास तेव्हापासून ऐकतेय, आम्ही वेंगुर्ल्याचे, समुद्र रक्तात आहे. चलो, आता बघू दे जरा ते रक्त.

मी म्हणालो, वा.

यात थाप कुठे आहे? माझ्या सरकारी नोकरीच्या सर्व्हिस बुकात होमटाउन वेंगुर्ले आहे. सही-शिक्क्यासकट. जे भारत सरकारला मान्य आहे ते बायकोला मान्य व्हायला हरकत नसावी. शिवाय मी चार वर्षांचा असताना तिथे गेलोय. फोटो आहे. फोटोत मी रडतोय, पण समुद्राकडे तोंड करून.

पोहता येत नाही, हे खरं. पण सर्फिंगमध्ये माणूस पाण्याच्या वर असतो. पोहणं हा खालचा विषय आहे.

११ फेब्रुवारी

सर्फिंगवाल्यांचा फॉर्म आला. नाव, वय, वजन (दोन किलो कमी लिहिलं, महिन्यात होतीलच). मग प्रश्न : पोहता येतं का? हो / नाही. नाहीवर टिक केलं की खाली येतं, 'कृपया आधी आमच्याशी बोला'. कशाला उगाच त्यांचा वेळ घ्या. होवर टिक केलं.

राजनंदिनी शेजारी मटार सोलत होती. झाला भरून? म्हटलं, बिल्कुल. ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग परत मटार.

टेन्शन घेण्यासारखं काही नाही. हातात महिना आहे. महिन्यात पोहणं शिकून घेतलं की ती टिक मागच्या तारखेपासून खरी होते. ऑफिसात आम्ही दुसरं काय करतो? आधी काम होऊन जातं, मग वरून एक्स पोस्ट फॅक्टो अप्रूव्हल येतं. अख्खं मंत्रालय यावर चाललंय, मी एकटा थापाड्या?

१३ फेब्रुवारी

सोसायटीच्या स्विमिंग पुलावर गेलो. एप्रिलपर्यंत बंद. गार्ड म्हणाला, साहब, अभी तो इसमें क्रिकेट चल रहा है. चालू होतं. स्टंप खोल बाजूला. मला फिल्डिंगला घेतलं. पुलात उतरलो हे तरी झालं.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७

बादलीत डोकं घालून श्वास रोखला. ४१ सेकंद. दिल्लीत वाढलेल्या माणसाला श्वास न घेता जगायची प्रॅक्टिस असतेच. राजनंदिनीने बाथरूमचं दार वाजवलं. काय चाललंय? म्हटलं, शाम्पू.

१८ फेब्रुवारी

बॅलन्सची प्रॅक्टिस. मेट्रोची ब्लू लाइन, द्वारका ते राजीव चौक, काहीही न धरता, गुडघे वाकवून, हात पसरून. झंडेवालानपर्यंत क्लास. तिथे ब्रेक लागला आणि मी एका मॅडमच्या मांडीवर. त्या म्हणाल्या, भैया, सीट चाहिए थी तो बोल देते. सगळा डबा हसला. सर्फिंगमध्ये डबा नसतो. हा प्लस पॉइंट.

१९ फेब्रुवारी

यूट्यूबवर सांगतात : बोर्डावर पोटावर झोपा, हात टेका, एका झटक्यात उभे रहा. इस्त्रीचं टेबल वापरलं. साइज परफेक्ट. झटका माझ्याआधी टेबलाने घेतला. एक पाय वाकडा झालाय. राजनंदिनीने विचारलं, हे कसं झालं? म्हटलं, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. ही थाप नाही. हे मत आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

करोल बागला सर्फिंगचा सूट घ्यायला गेलो. चार दुकानांत सर्फिंग म्हटल्यावर डिटर्जंट कुठे मिळेल ते सांगितलं. पाचव्याने काळा, फुल बाह्यांचा, अंगाला चिकटणारा एक काढला. मुळात बाइकवाल्यांसाठी आहे, आतून गरम अस्तर. दुकानदार म्हणाला, भाईसाब, लेह में पहनो, समंदर में पहनो, इसको क्या पता. मुद्दा पटला.

२ मार्च, रविवार

सासरे जेवायला आले होते. नवीन तुळस घेऊन. आमच्यासाठी! मला कसंतरीच झालं. जेवताना म्हणाले, काय जावईबापू, पवायला येतंय न्हवं? लाटंचा खेळ हाय म्हनं. मी म्हटलं, आप्पा, आमचं गावच समुद्राकाठी. (प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, त्यामुळे थाप नाही.) मग ते म्हणाले, आमच्या नंदूला म्या आठव्या वर्सी हिरीत ढकलली. कमरंला रिकामा कॅन बांधला आन् दिली ढकलून. राजनंदिनी हसली. मला म्हणाली, घे ना अजून भाकरी.

बिचारी. आठव्या वर्षी! पाण्याची केवढी भीती बसली असेल मनात. तिथे तिला सांभाळून घ्यावं लागेल.

९ मार्च, रविवार

फरीदाबादला आईबाबांकडे. बाबा याच सर्व्हिसमधून रिटायर झाले, म्हणून सहज विचारलं, बाबा, वेंगुर्ल्याला आपल्यात पोहायला कोण शिकवायचं? बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, कुणाला? म्हटलं, आपल्या लोकांना. बाबा म्हणाले, आपले लोक वर्ध्याचे.

आईने टीव्ही म्यूट केला.

झालं असं की, बाबा नोकरीला लागले तेव्हा होमटाउन लिहायचं होतं. तेव्हा माझ्या काकांची कस्टममध्ये तिकडे बदली झालेली. वर्धा लिहिलं की एलटीसीवर, म्हणजे सरकारी खर्चाने गावी जायच्या सवलतीवर, दर वेळी वर्धाच. वेंगुर्ले लिहिलं की समुद्र. बाबा म्हणाले, दोनदा गेलो, तुझ्या आईला उन्हाचा त्रास झाला, मग नाही गेलो. मी म्हटलं, अहो, पण मी पण तेच लिहिलंय माझ्या बुकात! बाबा म्हणाले, मग? माझंच बघून लिहिलंस ना. आई म्हणाली, अरे, तुला कधी वाटलं नाही का, आपल्याकडे मासे होत नाहीत ते?

मला वाटायचं दिल्लीत ताजे मिळत नाहीत म्हणून.

मेट्रोत विचार केला. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, ती पुढे गोदावरीला, गोदावरी समुद्राला. म्हणजे कनेक्शन आहे. फक्त थ्रू प्रॉपर चॅनल.

राजनंदिनीने विचारलं, काय म्हणाले बाबा? म्हटलं, मजेत आहेत.

१४ मार्च, वर्कला, संध्याकाळ

समुद्र बघितला. मोठा आहे. फोटोत एवढा नव्हता.

कड्यावर चहा घेताना राजनंदिनी म्हणाली, उद्याबद्दल काही बोलायचंय का? म्हटलं, काय बोलायचंय? ती म्हणाली, काहीही. मी म्हटलं, तू किनाऱ्यावरच थांब, फार पुढे येऊ नकोस, ओढ असते पाण्याला. तिने चहा संपवला. म्हणाली, ओके.

उद्या सकाळी फॉर्मबद्दल शांतपणे सांगणार. नक्की. चहाच्या आधी.

१५ मार्च, सकाळी ६

चहा झाला. आता चहाच्या आधी सांगणं शक्य नाही.

१५ मार्च, दुपार

नीट लिहितो. दोन ब्लँकेटं घेतलीत ती थंडीमुळे. बाहेर तेहतीस डिग्री आहे.

शिकवणाऱ्या शीबा म्हणून. पन्नाशीच्या, कोळ्याच्या घरातल्या, हिंदी तोडकी पण स्पष्ट. माझा सूट बघून म्हणाल्या, सर को ठंडा लगता है? मग वाळूत बोर्ड ठेवून शिकवलं. झोपा, हात, उभे. वाळूवर मी उत्तम. तिन्ही वेळा उभा. राजनंदिनी मोबाइलवर शूट करत होती, मी तिला अंगठासुद्धा दाखवला.

घोट्याला बोर्डाची दोरी बांधली. पाण्यात गेलो. शीबांनी लाट बघून मागून ढकललं. मी उभा राहिलो. एक सेकंद. हे कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

मग वर काय आणि खाली काय ते कळेना. नाकात पाणी. सूटच्या अस्तराने निम्मा समुद्र पिऊन घेतला. दोरी पायाला ओढतेय. मी ओरडलो, तर तोंडातही पाणी. मला एवढंच सुचलं की टिक केली होती. चौकोनातली ती टिक. खरंच, दुसरं काही नाही.

मग मानेला कोणीतरी धरलं आणि वर उचललं. शीबा नव्हत्या, त्या दोन हात मागे होत्या. राजनंदिनी होती. कपड्यांसकट, सपसप हात मारत आलेली, माशासारखी. मी तिच्या गळ्यात पडून म्हणत होतो, खोल आहे, खोल आहे. ती म्हणाली, आशय, पाय टेक.

टेकले. पाणी कमरेपर्यंत होतं.

शीबांनी एवढंच विचारलं, फॉर्म में यस लिखा था ना? मी घोट्याची दोरी सोडली. राजनंदिनी बोर्ड ओढत किनाऱ्याकडे निघाली.

१५ मार्च, संध्याकाळ

तिने फेकलेला मोबाइल वाळूत सापडला. शूटिंग चालूच राहिलेलं. आधी मी, अंगठा, लाट. मग आभाळ आणि वाळू. आणि तिचा आवाज. माझं नाव. माझं नाव असं कोणी कधी घेतलेलं नाही.

मी म्हटलं, सॉरी, करंट जास्त होता. ती म्हणाली, तू फॉर्म भरत होतास तेव्हा मी शेजारीच होते. तुझी टिक मी बघितली. मला वाटलं, रात्री उठून खोडशील. मग वाटलं, उद्या. महिनाभर वाट बघितली. काल चहावर विचारलंसुद्धा. आज वाटलं, गेलास. ती रडत नव्हती. टॉवेल घडी करत होती. तोच टॉवेल, परत परत.

१७ मार्च

एअरपोर्टवरून दोन कॅब. तिची कॅन्टला, आप्पांकडे.

नोंद : ही व्यवस्था तात्पुरती आहे.

२३ मार्च

सासऱ्यांचा फोन. पोरगी बरी हाय म्हणाले. तुळशीला पानी घालताय न्हवं? मी म्हटलं, रोज. (फोन ठेवून घातलं.) मग म्हणाले, जावईबापू, कमरंएवढ्या पान्यातबी मानूस बुडतं. पाय टेकायचं ध्यानात न्हाई ऱ्हायलं की बुडतं.

मी उत्तर द्यायला एक चांगलं वाक्य तयार करत होतो. तोपर्यंत त्यांनी फोन ठेवला.

१३ एप्रिल, रविवार, सकाळी १०.४०

राजनंदिनी, तू अकरा वाजता उन्हाळ्याचे कपडे न्यायला येणार, मी घरी नसेन. ही वही इस्त्रीच्या टेबलावर उघडी ठेवतोय. टेबल मी वाकवलं, डिफेक्ट नव्हता. आम्ही वर्ध्याचे. होमटाउन बदलायचा अर्ज दिला, आयुष्यात एकदाच बदलता येतं, सेक्शनमधल्या बाई म्हणाल्या, विचार करून घ्या. म्हटलं, केलाय. सासऱ्यांना रोज पाणी घालतो म्हणालो तेव्हा घालत नव्हतो. आता घालतो, गॅलरीत बघ, तीन नवीन पानं आहेत. बाकी वही जशी आहे तशी खरी समज. फक्त १४ फेब्रुवारीला बादलीत एकेचाळीस सेकंद नव्हते. अकरा होते. आणि शाम्पू नव्हता.

पूल काल उघडला. फॉर्मवर तोच प्रश्न होता. नाहीवर टिक केलं. त्यामुळे मला बिगिनर बॅच मिळाली आहे, अकरा वाजता, वय वर्षं सहा ते दहा. कोच म्हणाले, अंकल, बच्चे को ले आओ. म्हटलं, मैं ही हूँ. कमरेला थर्माकोलचा डबा बांधणार आहेत. टोपी केशरी आहे, कानांवर बसत नाही. आपल्या गॅलरीतून उथळ बाजू सगळी दिसते. बघ असं म्हणत नाहीये. दिसते एवढंच सांगतोय.

खाली तुझी स्कूटी लागली. हेल्मेट काढतेयस. तू लिफ्टने येशील. मी जिन्याने